एकच रेणू, बारा गोळ्या

केमिस्टच्या काउंटरवर हा प्रसंग हमखास घडतो. कुत्र्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली की दुकानदार ती दोनदा वाचतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "मॅडम, यात काहीतरी घोटाळा झालाय. थायरॉक्सिन शंभरच्या सहा गोळ्या सकाळी, सहा संध्याकाळी? पेशंट कोण आहे?"

"लॅब्रॅडॉर आहे हो. तीस किलोचा."

यावर तो आणखीच चक्रावतो, आणि त्याचं चुकत नाही. थायरॉइडच्या गोळ्या त्याच्या दुकानातून रोज जातात. साठ किलो वजनाच्या एखाद्या बाईंची ग्रंथी पार बंद पडलेली असली तरी त्यांना दिवसाला शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक गोळी पुरते. मग त्यांच्या निम्म्या वजनाच्या कुत्र्याला बारा कशा?

डोस बरोबर असतो. कुत्र्यांसाठी पुस्तकात दिलेला नेहमीचा डोस किलोमागे २० मायक्रोग्रॅम, तोही दिवसातून दोनदा. माणसासाठी किलोमागे दिवसाला साधारण १.६. भागाकार करून पाहा, पंचवीसपट फरक येतो. बरेच डॉक्टर याहून कमी डोसनं सुरुवात करतात आणि पुढचं रक्त तपासून ठरवतात, हे खरं. पण फरक 'पट'मध्येच मोजावा लागतो. आणि औषध दोघांनाही तेच. बाटली तीच, कंपनी तीच, आतला रेणूही तोच.

हा रेणू तसा चिमुकला आहे. टायरोसिन या अमिनो आम्लाच्या दोन सांगाड्यांची जोडणी, आणि त्यावर आयोडीनचे चार अणू. म्हणून त्याला टी-४ म्हणतात. त्यातला एक ठरावीक अणू निघाला की होतं टी-३, आणि पेशींच्या आत खरं काम करतं ते हे टी-३. मासा, बेडूक, कुत्रा, माणूस, कोणाच्याही रक्तातून टी-४ काढा, अणूनं अणू सारखा निघेल. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राणिजातीनं कोट्यवधी वर्षं हा एकच रेणू सांभाळला आहे.

एका प्राण्याचा थायरॉइड दुसऱ्याला चालतो हे माणसाला कळलं ते मात्र अगदी अलीकडे. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं थायरॉइड मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. सुजलेली, मंद झालेली, थंडीनं काकडणारी ती बाई माणसांत आली आणि त्या अर्कावर आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पुढे १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञानं बेडकांच्या पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. पिल्लं वाढायची थांबली आणि वेळेच्या कितीतरी आधी त्यांना पाय फुटले, शेपट्या विरल्या आणि इवलेसे बेडूक तयार झाले. घोड्याच्या गळ्यातल्या रसायनानं बेडकाच्या पिल्लाला 'आता मोठा हो' असा हुकूम दिला आणि तो पाळला गेला! १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी या रसायनाचे शुद्ध स्फटिक मिळवले. पुढे तीनेक टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांच्या हाती जेमतेम ३३ ग्रॅम थायरॉक्सिन लागलं. १९२६ मध्ये लंडनच्या चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली, पुढच्या वर्षी ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि मेंढ्या-डुकरांची गरज हळूहळू संपली.

या सगळ्या इतिहासात कुत्रा सतत आसपास वावरताना दिसतो. मॉरित्झ शिफ या शरीरशास्त्रज्ञानं १८८४ मध्ये दाखवलं की थायरॉइड काढून टाकलेले कुत्रे दगावतात, पण आधी दुसऱ्या कुत्र्याची ग्रंथी पोटात रोपली असेल तर तगतात. म्हणजे ग्रंथी गळ्यातच हवी असं नाही, तिचा स्राव रक्तात मिसळला की झालं. १९०५ मध्ये डेव्हिड मरीन हा तरुण डॉक्टर अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला नोकरीवर हजर झाला, तेव्हा त्याच्या नजरेत भरले ते गळ्याला गाठी असलेले रस्त्यावरचे कुत्रे. त्या गाठींमागे आयोडीनची कमतरता आहे हे त्यानं शोधलं, पुढे ॲक्रन गावातल्या शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड रोखता येतो हे सिद्ध केलं, आणि १९२४ पासून अमेरिकेत मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाली. आपल्याकडे हेच काम व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात केलं. आज आपल्या डब्यातल्या मिठात जे आयोडीन आहे, त्याच्या श्रेयातला थोडा वाटा क्लीव्हलँडच्या त्या भटक्या कुत्र्यांना द्यायला माझी हरकत नाही.

पण आज घराघरांतल्या पाळीव कुत्र्यांचा थायरॉइड मंदावतो तो आयोडीनअभावी नाही, हे इथेच सांगायला हवं. कारण 'नैसर्गिक' म्हणून समुद्री शेवाळाची पावडर विकणारे आहेत आणि प्रेमापोटी ती घेणारेही आहेत. कुत्र्यांत साधारण निम्म्या वेळा शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच ग्रंथीवर उलटते. पांढऱ्या पेशी ग्रंथीत शिरून ती पोखरतात. उरलेल्या निम्म्यांत ग्रंथी आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी उरते, असं का होतं ते नीट उलगडलेलं नाही. जी ग्रंथीच उरलेली नाही तिला कच्चा माल पुरवून काय होणार?

ही ग्रंथी कुत्र्याच्या श्वासनलिकेच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र तुकड्यांत असते, एवढी लहान की निरोगी कुत्र्यात बोटांना लागतही नाही. तिचा साठा दांडगा असतो. पाऊण ग्रंथी नष्ट होईपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही, म्हणजे घरच्यांना शंका येते तोवर आतली पडझड महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चाललेली असते. दुखणं बहुतेक मध्यमवयात उघडं पडतं. गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन, बीगल, बॉक्सर, कॉकर स्पॅनियल ही घराणी त्यासाठी जास्त बदनाम. यात मला सगळ्यात अजब वाटतं ते मांजराचं. म्हातारपणी मांजराचा थायरॉइड बिघडतो तो जवळजवळ नेहमी उलट्या दिशेनं, तो अती काम करू लागतो. एकाच सोफ्यावर झोपणारे, एकाच घरातले दोन प्राणी. एकाचा थायरॉइड विझतो, दुसऱ्याचा भडकतो.

आता त्वचेकडे वळू, कारण आत काय चाललंय त्याची पहिली वर्दी बहुधा तिथूनच मिळते.

आमच्या इमारतीत एक लॅब्रॅडॉर कुत्री आहे, आठ वर्षांची. तिची शेपटी आधी गेली. म्हणजे शेपटी होती, तिच्यावरचे केस गेले. उंदराच्या शेपटीसारखी नागडी कांडी उरली, आणि डॉक्टरही तिला 'रॅट टेल'च म्हणतात. मग गळ्याला जिथे पट्टा घासतो तिथले, नाकाच्या दांडीवरचे, मग दोन्ही कुशींवरचे केस विरळ होत गेले, डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे. उघडी पडलेली कातडी काळसर, जाडसर आणि हाताला गार लागे. कानांना आंबूस वास. पोटावर सोनोग्राफीसाठी भादरलेला चौकोन होता, तो उन्हाळा आणि अख्खा पावसाळा उलटला तरी तसाच गुळगुळीत. खाणं वाढलं नव्हतं, तरी वजन चढत होतं. आणि ऐन एप्रिलात, बाकीचे कुत्रे लादीवर पाय पसरून पडलेले असताना, ही गच्चीत उन्हात जाऊन बसायची.

यातली एकेक खूण घेतली तर तिच्यामागचं यंत्र दिसायला लागतं. केसाचं आयुष्य पाळ्यांचं असतं: वाढीचा काळ, मग आवरतं घेण्याचा छोटा काळ, मग विश्रांती. विश्रांतीतला केस मुळात नुसता रुतून असतो, वाढत नाही. पूडलच्या अंगावरचे बहुतेक केस वाढीच्या पाळीत असतात, म्हणून त्याला न्हाव्याची गरज लागते. लॅब्रॅडॉरचे बहुतेक केस विश्रांतीत असतात, म्हणून ते ठरावीक लांबीवर थांबतात. विश्रांतीतून उठवून पुन्हा वाढीला लावण्यासाठी मुळाला हुकूम लागतो, आणि तो हुकूम थायरॉइडचा. टी-४ आटलं की जुने केस आहेत तिथेच अडकून राहतात आणि नवे उगवत नाहीत. म्हणून अंगावर केस आहेत तोवर काही कळतच नाही; जिथे घासून किंवा भादरून जुने केस निघतात तिथे बिंग फुटतं. शेपूट, पट्ट्याखालची जागा, सोनोग्राफीचा चौकोन, सगळ्याचं उत्तर हेच.

मात्र भादरल्यावर केस न येण्याचं दुसरं, निरुपद्रवी कारणही असतं. उन्हाळा आला की पॉमेरेनियनचं टक्कल करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. अशा दाट लोकरीच्या जातींत थायरॉइड ठणठणीत असतानाही केस परत यायला कधीकधी वर्ष लागतं. शिवाय ती लोकर उन्हापासून थोडं संरक्षणही देते. तेव्हा पॉमेरेनियनचं मुंडण करून मग थायरॉइडची तपासणी करायला धावणं म्हणजे दोनदा खर्च.

चेहऱ्याचं तर नवलच. काही कुत्र्यांत कातडीच्या आत हायलुरॉनिक आम्लासारखे पदार्थ साचतात. पाणी धरून ठेवणं हा त्यांचा गुणधर्म. कपाळाच्या घड्या जाड होतात, पापण्या उतरतात, ओठ लोंबतात. घरचे म्हणतात, हल्ली तो उदास दिसतो. वैद्यकाच्या पुस्तकांतही याला चक्क 'शोकाकुल चेहरा' म्हटलं आहे. कुत्रा दुःखी असेलच असं नाही. त्याच्या कातडीत पाणी साचलेलं असतं.

आणि वास? कुत्र्याची बाह्यत्वचा केसाळ भागात जेमतेम तीन ते पाच पेशींच्या थरांची असते. आपली दहा-पंधरा थरांची. एवढ्या पातळ भिंतीवर तेलाचा लेप आणि रोगप्रतिकारशक्तीचा पहारा असतो, म्हणून भागतं. थायरॉइड मंदावला की तेलग्रंथींचा ताळ बिघडतो, कोंडा होतो, पहारा ढिला पडतो. मग एरवी कातडीवर गुण्यागोविंदानं राहणारा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस हा जीवाणू पुटकुळ्या आणि खपल्या उठवतो, आणि मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट कानांत, बोटांच्या बेचक्यांत, मांड्यांच्या घड्यांत माजतं. तो आंबूस, जुन्या तेलासारखा वास त्याचा. अँटिबायोटिकनं पुटकुळ्या जातात आणि कोर्स संपल्यावर महिन्याभरात परत येतात. त्वचेचं दुखणं असं पुन्हापुन्हा उलटत असेल तर मुळाशी दुसरं काहीतरी आहे, हे चांगला डॉक्टर लगेच ओळखतो.

पण इथेच सगळ्यात मोठी फसगतही होते. केस गेले की थायरॉइड, असं समीकरण आता लोकांच्या तोंडी बसलं आहे, कारण घरात कोणाला तरी थायरॉइड असतोच. खरं तर केस गळणाऱ्या कुत्र्याबद्दल पहिला प्रश्न एकच विचारायचा: खाजवतो का? नुसत्या थायरॉइडनं गेलेले केस खाजेशिवाय जातात. खाज येते ती वर सांगितलेल्या जीवाणू-यीस्टचा हल्ला झाल्यावर. जो कुत्रा आधी खाजवत होता आणि मग ज्याचे केस गेले, त्याच्याकडे पिसवा, गोचीड, लूत यांच्या संशयानं पाहायचं. लूत लावणारे सूक्ष्म परजीवी दोन तऱ्हेचे. सारकॉप्टिस इतका खाजवायला लावतो की रात्र रात्र झोप नाही, आणि तो घरातल्या माणसांच्या हातांवरही पुरळ उठवतो. डेमोडेक्स केसांच्या मुळांत राहतो आणि सुरुवातीला खाज आणतच नाही. गंमत म्हणजे मोठ्या वयात डेमोडेक्स अचानक उफाळला, तर त्यामागे कधी थायरॉइड लपलेला निघतो. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तपासणी दहा मिनिटांची आहे आणि स्वस्त आहे. ती न करता थायरॉइडच्या महागड्या पॅनेलवर उडी मारणाऱ्यांचं मला कोडं आहे. पिसवांची, अन्नाची, हवेतल्या धुळीपरागांची ॲलर्जी ही खाजेची बाकीची मोठी कारणं. आणि कुत्रा घटाघटा पाणी पिऊ लागला, पोट सुटलं, पण खाणं मात्र राक्षसी वाढलं असेल तर कुशिंग या दुसऱ्याच ग्रंथीच्या विकाराकडे पाहायला हवं. तोही दोन्ही बाजूंचे केस सारखेच नेतो.

आता रक्ताचा अहवाल. इथे तो रेणू एकच असण्याचा उलटा फटका बसतो.

रेणू एकच असल्यामुळे माणसांच्या लॅबमधलं यंत्र कुत्र्याचं टी-४ मोजू शकतं. आकडा येतो आणि शेजारी छापलेली असते माणसाची मर्यादा. माणसाच्या रक्तात एकूण टी-४ साधारण ५ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं; निरोगी कुत्र्यात १ ते ४. म्हणजे धडधाकट कुत्र्याचा २.५ चा आकडा माणसाच्या कागदावर लाल रंगात 'लो' म्हणून छापून येतो, आणि घरी गोळ्या सुरू होतात. टीएसएचची गोष्ट याहून वाईट. थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूच्या तळाशी बनणारं हे संप्रेरक प्रथिन आहे, आणि ते प्रत्येक जातीत थोडं वेगळं असतं. माणसाचं टीएसएच शोधणाऱ्या किटला कुत्र्याचं टीएसएच ओळखताच येत नाही; त्यासाठी कुत्र्याचंच किट लागतं. आणि ते वापरूनही खऱ्या रोगी कुत्र्यांपैकी काहींचं टीएसएच नॉर्मल येतं. माणसात जी चाचणी ब्रह्मवाक्य, ती कुत्र्यात नुसती साक्षीदार.

शिवाय टी-४ कमी येण्यासाठी थायरॉइडच बिघडायला हवा असंही नाही. कुठल्याही मोठ्या आजारात शरीर आपण होऊन टी-४ खाली आणतं. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप सर्रास. एर्लिकिया किंवा बबेसिया या त्याच्या जंतूंनी झिजलेल्या कुत्र्याचं टी-४ पाहिलं तर ते खाली असणारच. ताप उतरू द्यावा, कुत्रा सावरू द्यावा, मग तपासावं. खाजेसाठी दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, फिट्ससाठीचं फिनोबार्बिटल, काही सल्फा औषधं, हेही टी-४ खाली ओढतात. डॉक्टर बदलले असतील तर आधीच्या औषधांची चिठ्ठी दाखवा, ती या तपासणीइतकीच महत्त्वाची.

आणखी एक गंमत खास आपल्या मातीतली. ग्रेहाउंड, सलुकी अशा सडपातळ, पळणाऱ्या शिकारी जातींचं टी-४ जन्मतःच कमी असतं. धडधाकट ग्रेहाउंडचा आकडा लॅब्रॅडॉरच्या मर्यादेबाहेर पडतो आणि तरी तो वाऱ्याच्या वेगानं धावत असतो. सोलापूर-लातूर पट्ट्यात सशामागे धावणारं आपलं कारवान याच बांध्याचं आणि याच घराण्यातलं मानलं जातं. तेव्हा एखाद्या चपळ, चकचकीत कातडीच्या कारवानच्या अहवालात टी-४ कमी आलं म्हणून लगेच बाटली उघडू नये. डॉक्टरांनी लक्षणं, टी-४, बंधमुक्त (प्रथिनाला न चिकटलेलं) टी-४ आणि कुत्र्याचं टीएसएच, सगळं एकत्र ठेवून पाहायचं असतं. आणखी एक आधार कोलेस्टेरॉलचा: थायरॉइड खरोखर मंदावलेल्या चार कुत्र्यांपैकी जवळजवळ तिघांत ते वाढलेलं सापडतं.

बारा गोळ्यांचं कोडं उलगडतं तेही याच आकड्यांच्या फरकातून. माणसाच्या रक्तात टी-४ला धरून ठेवणारं एक खास प्रथिन मुबलक असतं. रक्तातलं जवळजवळ सगळं टी-४ त्याच्या आणि इतर प्रथिनांच्या अंगावर चिकटून फिरतं आणि गरजेपुरतं सुटत राहतं. म्हणून एकदा घेतलेलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायला माणसात आठवडा लागतो. कुत्र्यात ते खास प्रथिन फारच थोडं आणि पकड ढिली. तिथे टी-४ निम्मं व्हायला दहा ते सोळा तास पुरतात. यकृत ते पित्तातून बाहेर टाकत राहतं. माणूस ठेवीच्या व्याजावर जगतो आणि कुत्रा रोजंदारीवर. त्यात भर म्हणून कुत्र्याचं आतडं ही गोळी नीट शोषून घेत नाही. माणसात सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत शोषलं जातं, कुत्र्यात निम्म्याहून कमी, आणि पोट भरलेलं असेल तर तेही जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून गोळी रिकाम्या पोटी द्या किंवा जेवणाबरोबर द्या, पण रोज एकाच पद्धतीनं द्या. सोमवारी पोळीच्या तुकड्यात, मंगळवारी नुसती, असं केलं तर डोस रोज बदलला असंच होतं.

याच रोजंदारीमुळे एक दिलासाही मिळतो. आजीच्या उशाशी ठेवलेली थायरॉइडची पट्टी कुत्र्यानं फस्त केली तर घरात हाहाकार उडतो, पण माणसाला भारी पडेल असा डोस कुत्रा बऱ्याचदा निभावून नेतो. तरी किती गोळ्या गेल्या ते मोजून डॉक्टरांना फोन करायचाच. धाप, अस्वस्थपणा, हृदयाची धडधड, सतत तहान ही जास्त झाल्याची लक्षणं. नियमित औषधावर असलेल्या कुत्र्यात ती दिसली तरी डोस तपासून घ्यायला हवा.

हीच लक्षणं गोळीशिवायही येऊ शकतात. १९८४-८५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा आणि आसपासच्या भागांत शंभरहून अधिक माणसांची हृदयं धडधडायला लागली, वजनं उतरली, झोप उडाली. शोध घेतला तेव्हा कळलं की कत्तलखान्यात गाईंच्या मानेचं मांस खरवडून काढताना थायरॉइड ग्रंथीही खिम्यात जात होती. शिजवल्यानं टी-४ नष्ट होत नाही. कच्च्या मांसावर वाढवलेल्या कुत्र्यांतही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. तेव्हा खाटकाकडून कुत्र्यासाठी स्वस्तात छाट घेताना गळ्याची नळी टाळलेली बरी. आणि थायरॉइडचा अहवाल अनपेक्षितपणे जास्त आला तर ताटात काय पडतंय ते आधी डॉक्टरांना सांगावं.

गोळी सुरू झाल्यावर जे घडतं ते पाहण्यासारखं असतं. आठ-पंधरा दिवसांत कुत्रा जागा होतो. लिफ्टची बेल वाजली की पुन्हा दारापाशी येतो, जिना चढताना थांबत नाही. केस मात्र आधी आणखी गळतात! घरचे घाबरतात, गोळ्या बंद करतात, आणि हीच खरी चूक. मुळांना अखेर हुकूम मिळालेला असतो. खालून नवा केस निघताना वर अडकून पडलेला जुना केस ढकलला जातो. दोनेक महिन्यांनी काळ्या कातडीवर बारीक कोवळी लव दिसू लागते. कातडीचा काळेपणा आणखी उशिरा उतरतो.

तोवर कातडीला हाताचा आधार लागतो. आपला शांपू तिला चालत नाही. आपली त्वचा आम्लधर्मी, कुत्र्याची बरीचशी उदासीन, तेव्हा माणसाचा शांपू तिची आधीच दुबळी भिंत आणखी कोरडी करतो. जीवाणू-यीस्टचा त्रास असेल तर डॉक्टर क्लोरहेक्सिडीनचा शांपू देतात. तो लावून लगेच धुतला तर पाण्यात पैसे. दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा. कुत्रा झटकणार, तुम्ही भिजणार, हे गृहीत धरायचं. शेवटी बोटांच्या बेचक्या आणि कानांमागची जागा नीट कोरडी करायची, पावसाळ्यात तर नक्कीच. वजन कमी करायला जेवण एकदम निम्म्यावर आणायची घाई नको, थायरॉइड मार्गी लागला की निम्मं काम आपोआप होतं.

औषध सुरू झाल्यावर चार ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात, आणि तेही गोळी दिल्यानंतर चार ते सहा तासांनी, कारण तेव्हा पातळी शिखरावर असते. सकाळची गोळी न देता नेलं तर कागदावरचा आकडा निरर्थक. पुढे वर्षातून एक-दोनदा. ग्रंथी परत उगवत नाही, म्हणून गोळी जन्मभराची. चार महिने झाले, टी-४ मर्यादेच्या वरच्या टोकाला पोचलं, गोळीचा नेम रोज पाळला गेला आणि तरी कूस उघडीच राहिली, तर डोस वाढवून उपयोग नाही. त्या कुत्र्याचं दुखणं बहुधा थायरॉइडचं नव्हतंच. मग गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं थांबवून कातडी पुन्हा खरवडायची, कुशिंग तपासायचा, जेवण बदलून पाहायचं, आणि 'खाजवतो का?' या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करायची.